हँडब्रेक आणि सतरावा दगड

नाशिक, गंगापूर रोड
दि. २ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. चैताली हिस,
सुवर्णाचे अ. उ. आ.

भाऊबीज आटोपून मी दुपारच्या एकच्या एस.टी.ने घोटीहून निघाले, आणि मी नाशिकला पोचण्याआधीच आपल्या घरापुढच्या उतारावरून पिकअप मागे घरंगळली. तिने गोठ्याची मेढ मोडली आणि खळ्यावर तांदूळ पाखडत बसलेल्या आईपासून ती हातभर अंतरावर थांबली. हे सारे मला काल नवनाथच्या पत्रातून कळले. पत्र वाचून झाल्यावर मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ तो परत घातला नाही.

नवनाथने कारण लिहिलेले नाही. त्याची आवश्यकताही नव्हती. दसऱ्याला माळ्यावरून पडल्यापासून त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे. गाडी आदल्या दिवशी गिरणीवरून तू आणलीस आणि उतारावर तूच उभी केलीस. अर्थात हँडब्रेक ओढायला तू विसरलीस. सत्तावीस वर्षे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगवह्या तपासल्यानंतर एवढा निष्कर्ष काढायला मला दुसऱ्या चहाची गरज लागत नाही.

आईचे म्हणणे असे की सुनेने पुन्हा गाडीच्या चाकाला हात लावू नये. नवनाथचे म्हणणे असे की मग गाडी दारात ठेवून काय करायची, संक्रांतीला विकून टाकू. शेवटचा कौल दोघांनी नेहमीप्रमाणे माझ्यावर सोपवला आहे, आणि माझा कौल विक्रीच्या बाजूने आहे. तू गाडी चालवायला शिकलीस याचे मला कौतुकच होते; परंतु थांबवता येत नसेल तर चालवता येण्याला मी अर्धी विद्या समजते.

शेवंतीच्या आळ्याकडे मात्र लक्ष ठेव. निघण्याच्या दिवशी सकाळभर खपून मी त्याभोवती एकाच मापाचे सतरा दगड गोल मांडले आणि त्यांना चुना दिला. सतरावा मनासारखा मिळेपर्यंत मी अंगणाला तीन फेऱ्या घातल्या होत्या. एकही जागचा हलू नये.

माझ्या रागात माया किती मिसळलेली आहे, ते तुला ठाऊक आहे. तेव्हा पत्र दोनदा वाचावे.

तुझी,
सुवर्णा


घोटी, मळ्यातले घर
दि. ९ नोव्हेंबर १९९८

ती. वन्संच्या सेवेशी,
चैतालीचा सा. न. वि. वि.

आपले पत्र आज्ञेप्रमाणे दोनदा वाचले. त्यात गुन्हा होता, पुरावा होता आणि निकालही होता. आरोपीला काय म्हणायचे आहे एवढे विचारायचे राहून गेले. कागद संपला असावा. या वेळी दोन जादा कागद सोबत पाठवीत आहे.

हँडब्रेक मी ओढला होता. पूर्वी दांडा पाचव्या खटक्याला घट्ट बसायचा. हल्ली तो दहाव्या खटक्यापर्यंत वर येतो आणि तरीही त्यात जीव नसतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून जावे तर तो आपोआप सुटतो. गाडी रिकामी असताना हे जाणवत नाही. त्या दिवशी दुपारी मागे भाताची पोती चढत होती. बारावे पोते पडले आणि गाडी निघाली.

सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरलेला नाही, पण त्या गाडीशी बोलतात आणि मला ऐकू येईल अशा बेताने बोलतात. ही गाडी हाय का रेडा, पाठीवर वजन पडलं की मालकीण बघत नाय, असे काल तिला विचारून झाले. गाडी काही बोलली नाही. मी तिची काच पुसली.

वन्सं, गाडी विकू नये अशी माझी विनंती आहे. प्लास्टर निघाले तरी क्लच दाबण्यासारखा पाय व्हायला यांना फाल्गुन उजाडेल, आणि टमाटे जानेवारीतच सुरू होतील. हे सांगण्याजोगे कारण झाले. न सांगण्याजोगे कारण असे की मला गाडी चालवायला आवडते. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मला जमणारी आणि दुसऱ्या कुणाला न जमणारी ही पहिलीच गोष्ट आहे. तुमचा कौल फिरला नाही तर संक्रांतीला गाडी जाईल, आणि मी, सातपूरच्या फिटरची मुलगी, पुन्हा तांदूळ निवडायला बसेन.

शेवंती छान आहे. आळ्यातला एक दगड मात्र मी काढून घेतला आहे, कारण त्याची दुसरीकडे गरज लागते. शेवंतीने अजून तक्रार केलेली नाही.

निकाल काहीही लागो, पत्र येत राहावे.

आपली,
चैताली


नाशिक
दि. १५ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. चैताली,
अ. उ. आ.

तुझे पत्र मिळाले. जादा कागदही मिळाले. ते मी तुझ्याच पत्राला उत्तर देण्यासाठी वापरीत आहे, म्हणजे उपकार राहायला नको.

तुझा युक्तिवाद मी मान्य करीत नाही, परंतु तो नीट मांडलेला आहे आणि नीट मांडलेल्या चुकीला मी नेहमीच एक संधी देते. म्हणून अट घालते. पिकअपचा हँडब्रेक तू स्वतः, घरी, दुरुस्त करावास. गॅरेजवाल्याकडे नेलीस तर परीक्षा त्याची होईल. त्यानंतर वीस पोती भरून गाडी घरापुढच्या त्याच उतारावर, चाकाला काहीही अटकाव न लावता, एक तास उभी राहिली पाहिजे. नवनाथने घड्याळ धरून बसावे. गाडी तसूभरही हलली नाही तर मी कौल फिरवीन आणि आईला तसे लेखी कळवीन.

रीत मी लिहून देते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. मागचा भाग जॅकने उचलून खाली भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नये. दांड्यापासून मागच्या चाकांकडे जाणारी जी केबल आहे, तिच्या मध्यावर एक नट असतो. दांडा दहाव्या खटक्यापर्यंत येतो याचा अर्थ केबल लांबली आहे. सबब तो नट आवळीत जावे, आणि दांडा तिसऱ्या खटक्याला घट्ट बसला की थांबावे. दोरी ढिली असेल तर दोरी ओढावी, इतका हा विषय सोपा आहे.

तो दगड आजच्या आज जागेवर ठेव. सोळा दगडांचे आळे पुढचा दात पडलेल्या मुलासारखे दिसते. त्याची दुसरीकडे गरज लागते म्हणजे कुठे लागते, हेही तू लिहिलेले नाहीस. अर्धवट माहिती देण्याची ही सवय बरी नव्हे.

हात सांभाळून काम कर, आणि आम्हाला विसरू नकोस.

सुवर्णा


घोटी
दि. २९ नोव्हेंबर १९९८

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

आपल्या रीतीतले एकही अक्षर मी बदलले नाही. पाने आणि पेचकस माझ्या बाबांनी लग्नात दिलेल्या पेटीतले घेतले. रुखवतात चांदीच्या वाट्यांशेजारी ती पेटी मांडली होती तेव्हा आपण भुवई उंचावली होती, हे मला आठवते. त्या वाट्या अजून कपाटातच आहेत.

खाली शिरायला मी यांचा जुना शर्ट घातला. हे खाटेवर बसून आपले पत्र मोठ्याने वाचीत होते आणि मी खालून होकार देत होते. नट आवळला. दांडा तिसऱ्या खटक्याला असा बसला की सोडायला दोन्ही हात लागले. आपण खूश झाला असता.

मग गाडी गिरणीपर्यंत नेऊन आणली. हे पाय लांब करून शेजारी बसले होते. पहिल्या वळणाला यांनी विचारले, कुणाच्या चुलीवर भाकरी करपली. दुसऱ्या वळणाला कळले की करपणारी भाकरी आमचीच आहे. दांडा पूर्ण खाली होता, तरी मागची दोन्ही चाके ब्रेक लागल्यासारखी ओढत होती. उतरून पाहिले तर चाकाच्या आतला ब्रेकचा ड्रम इतका तापलेला की त्यावर पापड भाजला असता. मी नट सैल केला आणि गाडी हळूहळू घरी आणली. म्हणजे आपल्या रीतीने हँडब्रेक उत्तम लागला, सुटला मात्र नाही.

मला बाबांची रीत थोडी वेगळी आठवते. पण आपण लिहून दिलेली असताना दुसरी वापरणे मला योग्य वाटले नाही. आता आज्ञा व्हावी. संक्रांतीला सहा आठवडे उरले आहेत आणि गाडी पाहायला एक गिऱ्हाईक येऊनही गेले. त्याला हे म्हणाले, थोरल्या बहिणीने घातलेली परीक्षा चालू आहे. तो समजूतदार निघाला. त्यालाही थोरली बहीण आहे.

दगडाबद्दल आपण विचारले आहे. तो मागच्या चाकामागे असतो. एका बाजूने पांढरा असल्याने संध्याकाळीही चटकन दिसतो. चुन्याचा हा एक फायदाच झाला.

मायेत खंड नसावा. नट एवढा कुणावरच आवळू नये.

आपली,
चैताली


नाशिक
दि. १३ डिसेंबर १९९८

चि. सौ. चैताली,
अ. उ. आ.

माझी रीत चुकली, ही गोष्ट मी प्रथम ग्रंथालयात आणि नंतर सातपूरला पडताळून पाहिली. होय, मी तुझ्या वडिलांकडे गेले होते. सहादूकाकांनी मला ओळखायला क्षणभर वेळ लावला. लग्नात मी त्यांच्याशी फारसे बोलले नव्हते, हे त्या क्षणात माझ्या ध्यानात आले.

त्यांच्या शेडमध्ये एक जुना ड्रम पडलेला होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि हाती पेचकस दिला. आत दोन चंद्रकोरी पट्टे असतात. त्यांवरचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे अस्तर, झिजले की ते ड्रमपासून दूर पडतात आणि दांड्याला जास्त खटके लागतात. दोष तिथे असताना मी केबल ओढायला लावली, म्हणून पट्टे सदैव घासत राहिले. आधी मागच्या बाजूच्या छिद्रातून आतले दातेरी चाक एकेक दाता फिरवून लायनर ड्रमला टेकवावे. मग हाताने फिरवल्यावर चाक मोकळे फिरेल इतपत दोनतीन दाते मागे घ्यावे. आणि केबलचा नट सर्वांत शेवटी, तोही लागेल तेवढाच. मी विचारले, किती दाते हे नक्की कसे ठरवायचे. ते म्हणाले की चाक फिरवताना कान द्यायचा, ते आपोआप सांगतं. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. माझ्या इस्त्रीच्या साडीला ग्रीस लागले आणि ते निघालेले नाही.

निघताना मी त्यांना उताराचा प्रसंग सांगितला. तू हँडब्रेक विसरलीस असे माझे मत होते, असेही सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की पोर एक वेळ जेवायला विसरेल, पण गाडीतून उतरली की चाकामागे दगड लावल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावणार नाही. ती सवय त्यांनी तिला स्टिअरिंग धरायला देण्याआधी लावली आहे.

चैताली, बसमध्ये बसल्यापासून हे वाक्य माझ्या मागे लागले आहे. दगड लावला असता तर गाडी घरंगळली नसती. त्या दिवशी तो दगड कुठे होता? एका वाक्यात उत्तर दे.

सुवर्णा


घोटी
दि. २० डिसेंबर १९९८

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

बाबांचेही पत्र आले. त्यांनी लिहिले आहे की तुझ्या नणंदेचा हात चांगला आहे, तीन वर्षे आधी आल्या असत्या तर तयार केल्या असत्या. हे मी यांना वाचून दाखवले. तेव्हापासून हे आपला उल्लेख 'सातपूरच्या मिस्त्री' असा करतात.

शुक्रवारी काम केले. दातेरी चाक फिरवले, चाक गरगरवले, कान दिला. उजव्या बाजूला नऊ दाते लागले, डाव्या बाजूला चौदा. दोन्ही बाजू सारख्या नाहीत याचे आपल्याला वाईट वाटेल, पण लायनर तसे झिजले होते. नट शेवटी आवळला, तोही जेमतेम दोन फेरे. दांडा आता सहाव्या खटक्याला घट्ट बसतो आणि सोडला की चाक मोकळे फिरते. गिरणीपर्यंत गेले आणि आले; ड्रम थंड होता.

परीक्षा शनिवारी सकाळी झाली. वीस पोती चढवली. चाकामागचा दगड काढला. हे घड्याळ धरून बसले. सासूबाई तो दगड मांडीवर घेऊन गाडीच्या बाजूला पाट टाकून बसल्या. गाडी जराशी जरी सरकली असती तरी तो चाकाखाली भिरकवायची त्यांची तयारी होती. गाडी सरकली नाही. अर्ध्या तासाने त्यांनी दगड खाली ठेवला आणि पाऊण तासाने त्या पाटावरच पेंगल्या. तास भरल्यावर मी त्यांना उठवले, तेव्हा त्या पहिल्यांदा दगड कुठाय म्हणाल्या.

आपल्या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर: त्या दिवशी दगड आपल्या अंगणातच होता.

कौलाची वाट पाहते.

आपली,
चैताली


नाशिक
दि. २७ डिसेंबर १९९८

चि. नवनाथ आणि चि. सौ. चैताली,
अ. उ. आ.

घरी आलेली पत्रे आईला चैताली वाचून दाखवते. हे पत्र नवनाथने वाचावे. चैताली वाचताना ओळी गाळील, आणि मला एकही ओळ गाळलेली चालणार नाही.

चैतालीचे उत्तर खरे आहे आणि अपुरे आहे. उरलेला भाग मी पुरा करते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीच्या आळ्यासाठी मला सोळा दगड विहिरीजवळ मिळाले. सतरावा हवा तसा मिळेना. शेवटी तो पिकअपच्या मागच्या चाकाशी दिसला. माप अगदी तंतोतंत जुळले. कुणीतरी निष्काळजीपणे वाटेत टाकला आहे, असे मनाशी म्हणत मी तो उचलला, धुतला, चुना दिला आणि आळ्यात बसवला. ज्या कामाला मी निष्काळजीपणा म्हटले, ती चैतालीची काळजी होती. ती मी उचलून नेली आणि एकच्या गाडीने निघून आले.

हातभर म्हणजे किती, हे मी फूटपट्टीवर पाहिले आणि पट्टी कपाटात ठेवून दिली.

त्यानंतर तिला एका शब्दाने न विचारता मी निकाल लिहिला आणि तोच दगड आळ्यातून हलू नये म्हणून दोनदा बजावले. तिने पहिल्याच दिवशी पांढरा दगड ओळखला असणार, तरी दोन महिने माझे नाव घेतले नाही. आई, तुझी सून हँडब्रेक विसरली नव्हती. तुझ्या लेकीने तुझ्या मागच्या उतारावरचा दगड काढला होता.

गाडी विकू नये. ती चैतालीने चालवावी. हा माझा कौल आहे, आणि कौल देण्याचा अधिकार यापुढे मला असावा की नसावा, हे तुम्ही तिघांनी ठरवावे.

चैताली, मी तुझी क्षमा मागते.

सुवर्णा


घोटी
दि. ५ जानेवारी १९९९

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

पत्र यांनी वाचले. क्षमेच्या ओळीपाशी यांना खोकला आला. मी पाणी दिले, पण तो तहानेचा खोकला नव्हता.

 सासूबाई म्हणाल्या की पोरगी लय शिकली खरी, पण लहानपणी चुलीचे दगडसुद्धा उचलून रांगेत मांडायची, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. एवढे बोलून त्या उठल्या, पिकअपचे दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि पदर सावरून समोर बघत राहिल्या. मी विचारले, कुठे जायचे. त्यांनी सांगितले, बाजारात. आणि वर म्हणाल्या की दगड काढायला विसरू नको, उगं इंजिनाला त्रास. दोन महिन्यांत त्या गाडीत पहिल्यांदाच बसल्या.

आपण विचारलेले नाही, तरी सांगते. त्या दुपारी चुना ओला होता आणि सासूबाई घाबरलेल्या होत्या. त्याच सकाळी त्यांनी शेजारच्या नवसाबाईंना बोलावून लेकीने केलेले आळे दाखवले होते. त्या वेळी आपले नाव घेऊन कुणालाच काही मिळाले नसते. नंतर घेता आले असते. पण आपला निकाल कुणी दुसऱ्याने फिरवण्यापेक्षा आपणच फिरवावा, यात मला जास्त गोडी वाटली. तेवढा हट्ट मीही केला. त्याची क्षमा मी मागत नाही, कारण मजा आली.

कौल देण्याचा अधिकार आपल्याकडेच राहावा, असे तिघांचे मत पडले. फक्त आधी आरोपीला विचारावे.

संक्रांतीला एस.टी.ने येऊ नये. टमाट्यांची पहिली खेप घेऊन मी नाशिकच्या बाजारात येणार आहे. परतताना आपल्या दारात गाडी उभी करीन. तिळगूळ घोटीलाच खायचा आहे.

वाट पाहणारी,
चैताली


नाशिक
दि. १८ जानेवारी १९९९

चि. सौ. चैताली,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तुझे वाहन चालवणे मी दोन्ही वेळा बारकाईने पाहिले. वळणाआधी गती कमी करण्यात तू क्षणभर उशीर करतेस. यापलीकडे दोष सापडला नाही, आणि मी शोधत नव्हते असे नाही.

घरापुढच्या उतारावर तू गाडी थांबवलीस, दांडा ओढलास आणि माझ्याकडे पाहिलेस, तेव्हा मी सहा खटके मोजले. तू उतरून मागे जाण्याआधी मीच उतरले, हे तुला आवडले की नाही ते कळले नाही. तू हसत होतीस. पिशवीतून काढून मी चाकामागे बसवला तो लाकडी ठोकळा सहादूकाकांनी बाभळीच्या लाकडातून तासून दिला आहे. उताराचा कोन मी भाऊबीजेला काढलेल्या फोटोवरून काढला होता. तो दोन अंशांनी चुकला होता. काकांनी तो उतार पाहिलेला आहे; त्यांनी कोन मला न विचारता दुरुस्त केला.

सतरावा दगड मी निघायच्या दिवशी सकाळी परत आळ्यात बसवला आहे. आई बाजूला उभी राहून पाहत होती. बसवण्याआधी गाडीमागे ठोकळा आहे ना, हे तिने मला जाऊन बघायला लावले. मी गेले आणि बघून आले.

टमाट्यांच्या दिवसांत पत्राला उशीर झाला तरी रुसणार नाही; अजिबात आले नाही तर मात्र मिस्त्री स्वतः येतील.

तुझी,
सुवर्णा

ता. क. ठोकळ्याला चुना कदापि लावू नये. तो जितका ओबडधोबड दिसेल तितका मी येईन तेव्हा सुरक्षित राहील.